मुलीची स्कॉलरशिप, बाबांचा रकाना

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरातले सगळे आता सिटिझन आहोत. मोठी मुलगी २०२४च्या ऑगस्टमध्ये स्टेट युनिव्हर्सिटीत गेली, डॉर्ममध्ये राहते. धाकटा अजून शाळेत आहे. गेल्या आठवड्यात यजमानांनी आणि तिने मिळून २०२६-२७चा फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी मदत मागायचा फॉर्म, भरला. त्यात एक प्रश्न होता : कॉलेजची ग्रँट, स्कॉलरशिप यांतली किती रक्कम आयआरएसला (कर खात्याला) उत्पन्न म्हणून दाखवली? ह्यांनी तिचा २०२४चा १०९८-टी, म्हणजे फी आणि स्कॉलरशिपचा युनिव्हर्सिटीने दिलेला फॉर्म, काढला, पाचव्या बॉक्समध्ये ९,९०० डॉलर दिसले, ते आई-वडिलांच्या भागात टाकून दिले. म्हणाले, "विचारलंय ना, मग सांगून टाकू. लपवाछपवी नको." मुलगी म्हणते, "बाबा, ते माझ्या भागात यायला हवं होतं." आणि मी म्हणते, मुळात हे उत्पन्न कुठलं? युनिव्हर्सिटीनेच दिलं, युनिव्हर्सिटीनेच कापून घेतलं. पुण्यात मला स्कॉलरशिप होती, तिच्यावर कधी कोणी कर मागितला नाही.

बाकी आकडे असे. पहिल्या बॉक्समध्ये फीचे ७,६०० आहेत. (स्प्रिंगची फी आणि स्प्रिंगची स्कॉलरशिप दोन्ही जानेवारीत जमा झाली, ती यात नाही.) पुस्तकांचे ४५० झाले. खोली आणि मील प्लॅन मिळून ६,९००. लॅपटॉप ११०० डॉलरचा घेतला. शिवाय आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिला कॉलेजच्या खर्चासाठी म्हणून १,००० डॉलरचा चेक मिळाला होता. उन्हाळ्यात तिने आइस्क्रीमच्या दुकानात काम करून ३,२०० मिळवले, आणि तेवढा एक डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) टाकून रिटर्नही स्वतःच मोबाइलवरून भरलं. आमचं दोघांचं उत्पन्न ९२,०००. आमच्या रिटर्नमध्ये ह्यांनी शिक्षणाचं क्रेडिट घेतलं नाही, कारण फी सगळी स्कॉलरशिपमधून सुटली.

आता रात्रीची झोप उडाली आहे. फॉर्मवर वीस हजार डॉलर दंडाचं काहीतरी लिहिलंय म्हणे. आणि जाता जाता, ह्यांचा पुतण्या कोल्हापूरहून एमएसला येतोय, त्यालाही हा फॉर्म भरावा लागेल का?

– एक आई, एडिसन

*

नमस्कार.

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत, आणि गंमत म्हणजे तिघंही थोडेथोडे बरोबर आहात. लेक सगळ्यात जास्त. पण सुरुवात यजमानांपासून करते, कारण घाई तिथे आहे.

त्यांनी आकडा टाकला तो सचोटीने, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्या सचोटीचा परिणाम बरोबर उलटा झालाय. सरकारी फॉर्म पैशांबद्दल विचारतो म्हणजे तो आपल्या उत्पन्नात भर घालायलाच विचारतो, असं आपल्याला वाटतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेली आपली पिढी, दुसरं वाटणार तरी काय! पण फॅफ्सातला हा रकाना बेरजेचा नाही, वजाबाकीचा आहे. इथे लिहिलेला आकडा तुमच्या उत्पन्नातून वजा होतो.

का, ते सांगते. फॅफ्सा तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नवरून चालतो. २०२६-२७साठी २०२४चं रिटर्न. त्यातला एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेलं एकूण उत्पन्न, हा त्या गणिताचा पाया. आता समजा एखाद्या मुलीला २०२४मध्ये गरजेपोटी ग्रँट मिळाली, तिचा काही भाग करपात्र ठरला, म्हणून तो तिच्या एजीआयमध्ये जाऊन बसला. दोन वर्षांनी फॅफ्सा तो एजीआय बघून म्हणेल, अरे वा, हिच्याकडे पैसा दिसतोय, मदत कमी करा. मदत मिळाली म्हणून मदत कापायची! हे होऊ नये म्हणून हा रकाना आहे. एजीआयमध्ये जेवढी स्कॉलरशिप शिरली असेल तेवढी सांगा, आम्ही ती बाहेर काढतो, एवढंच तो म्हणतो.

आता तुमच्या घरी काय झालं बघा. तुमच्या दोघांच्या ९२,०००मध्ये मुलीच्या स्कॉलरशिपचा एक डॉलरही नव्हता. तरी त्यातून ९,९०० वजा झाले. जे ताटात वाढलंच नव्हतं ते ताटातून काढलं. फॅफ्साच्या सूत्रात आई-वडिलांचं शिलकी उत्पन्न २२ ते ४७ टक्क्यांच्या पायऱ्यांनी धरतात. म्हणजे तुम्ही कुठल्या पायरीवर आहात त्याप्रमाणे तुमचा एसएआय, तो मदत ठरवणारा आकडा, २,१७८पासून ४,६५३ डॉलरपर्यंत खोटाच खाली आला असेल. त्या आकड्यावर कॉलेजने ग्रँट दिली आणि मागाहून चूक सापडली, तर दिलेली ग्रँट परत मागतात, तीही बहुधा सेमिस्टरच्या ऐन मध्यात.

म्हणून आज रात्रीच यजमानांना त्यांच्या खात्यातून फॅफ्सात जायला सांगा, दुरुस्ती उघडा, आई-वडिलांच्या भागातल्या त्या रकान्यात ० लिहा आणि पुन्हा सही करा. आई-वडिलांचा रकाना असतो तो आई किंवा वडील स्वतः शिकत असतील आणि त्यांना स्वतःला ग्रँट मिळाली असेल, तर त्यासाठी. तुमच्या ह्यांनी या वयात एमबीए सुरू केलं नसेल, तर तिथे शून्यच.

दंडाचं म्हणाल तर वीस हजारांची आणि तुरुंगाची ती ओळ फॉर्मवर खरंच आहे, पण ती जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यासाठी. चूक लक्षात आली, आपणहून सुधारली, याला कोणी तुरुंगात टाकत नाही. झोपा निवांत.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. पुण्यात तुमच्या स्कॉलरशिपवर कर लागला नाही, कारण भारतात १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६)ने शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती सरसकट करमुक्त ठेवली होती. हॉस्टेल, मेस, पुस्तकं असा भेद कोणी करत नव्हतं. आपल्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलंय, की स्कॉलरशिप आणि उत्पन्न हे शब्द एका वाक्यात आले की आपल्याला हसू येतं. मी दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल एका लायब्ररीत फुकट टॅक्स भरून देणाऱ्यांच्या टेबलावर बसते. तिथे येणाऱ्या देशी आई-बाबांपैकी बहुतेकांचं पहिलं वाक्य तुमचंच असतं.

इथला नियम वेगळा. इथे पैसा कोणी दिला हे बघत नाहीत, तो कशावर गेला हे बघतात. डिग्रीसाठी शिकणाऱ्या मुलाच्या स्कॉलरशिपमधला जो भाग ट्यूशन, सक्तीची फी आणि कोर्सला सक्तीची पुस्तकं-साहित्य यांवर गेला तो करमुक्त. खोली, जेवण, येण्याजाण्याचा खर्च यांवर गेला तो करपात्र. "युनिव्हर्सिटीनेच दिलं, युनिव्हर्सिटीनेच घेतलं" हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण डॉर्मही युनिव्हर्सिटीचंच आहे ना! तिजोरी एकच असली तरी खाती दोन.

तर मांडू या. स्कॉलरशिपचे ९,९००. त्यात मंडळाचे १,००० मिळवा. हो, मिळवायचे. ते थेट मुलीच्या हातात आले म्हणून युनिव्हर्सिटीच्या १०९८-टीवर दिसणार नाहीत, पण कॉलेजच्या खर्चासाठी दिलेत म्हणजे तीही स्कॉलरशिपच. एकूण १०,९००. त्यातून फीचे ७,६०० आणि पुस्तकांचे ४५०, असे ८,०५० करमुक्त. उरले २,८५०. हे २,८५० मुलीचं २०२४चं करपात्र उत्पन्न. बॉक्स ५मधून बॉक्स १ वजा केला की झालं, असं बरेच जण समजतात. तसं केलं असतं तर २,३०० आले असते आणि चूक झाली असती. १०९८-टी हा हिशेब सुरू करायचा कागद आहे, हिशेब नव्हे.

लॅपटॉप मी मुद्दाम बाहेर ठेवला. कोर्सच्या किंवा विभागाच्या यादीत 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे लॅपटॉप असणे आवश्यक' असं लिहिलेलं असेल तर तो आत घेता येतो. नुसता उपयोगी पडतो म्हणून नाही. मुलीला यादी शोधायला सांगा. सापडली तर तिची प्रत जपून ठेवा आणि ११०० आत घ्या. नाही सापडली तर विषय संपला.

आणि ज्यांची मुलं यंदाच शाळेतून कॉलेजात जाणार आहेत त्यांनी हे सगळं वाचून घाबरू नये. २०२४मध्ये तुमचं मूल हायस्कुलात होतं, कॉलेजच्या स्कॉलरशिपचा प्रश्नच नव्हता. दोन्ही भागांत शून्य लिहा. पुढच्या सप्टेंबरपासून मिळणारी स्कॉलरशिप तिथे चुकूनही लिहू नका. दर वर्षी कोणीतरी लिहितंच.

मुलगी बरोबर आहे ती इथे : हे २,८५० तिचे. तुमचे नव्हेत, तिच्या बाबांचेही नव्हेत. ती तुमच्यावर अवलंबून आहे, तुम्ही तिला तुमच्या रिटर्नवर दाखवता, तरीही स्कॉलरशिप जिच्या नावाने तिचंच उत्पन्न.

पण तिचंही रिटर्न अपुरं आहे. तिने फक्त ३,२००चा डब्ल्यू-२ टाकला. हे २,८५० शेड्यूल १वर, म्हणजे रिटर्नला जोडायच्या पुरवणीवर, ८-आर या ओळीत यायला हवे होते. डब्ल्यू-२वर न आलेल्या स्कॉलरशिपसाठी ती ओळ आहे. फार जुनी नाही, २०२२च्या रिटर्नपासून आली. त्याआधी पगाराच्याच ओळीत शेजारी खूण करून लिहावं लागायचं. मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरने तिला 'तू विद्यार्थी आहेस का, १०९८-टी आलाय का' असं विचारलं असणार आणि तिने नाही म्हणून पुढे ढकललं असणार. एकोणीस वर्षांच्या पोरीकडून दुसरी काय अपेक्षा करायची.

आता यावर कर किती? शून्य. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला २०२४साठी मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) म्हणजे त्याची कमाई अधिक ४५०, जास्तीत जास्त १४,६००. आणि या एका कामापुरती करपात्र स्कॉलरशिपही कमाईतच धरतात. तिची कमाई ३,२०० अधिक २,८५०, म्हणजे ६,०५०. डिडक्शन ६,५००. कर काही नाही. खरं तर एवढ्या रकमेला तिला रिटर्न भरायची सक्तीही नव्हती, तिने कापलेला कर परत मिळवायला भरलं. पण भरलंच आहे तर बरोबर असावं, या मताची मी आहे. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून सुधारता येतं.

पण लगेच भरू नका. आधी दोन गोष्टी ऐका.

पहिली, फॅफ्सातल्या मुलीच्या रकान्यात आत्ता काय लिहायचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तुम्ही म्हणाल, २,८५०. मी म्हणते, आज तरी ०. प्रश्न नीट वाचा : आयआरएसला उत्पन्न म्हणून दाखवलेली रक्कम. तिच्या आजच्या रिटर्नमध्ये एजीआय ३,२०० आहे आणि त्यात स्कॉलरशिप नाहीच. हल्ली फॅफ्सा रिटर्नचे आकडे थेट आयआरएसकडून उचलतो, पण हा एक रकाना हातानेच भरावा लागतो. म्हणून चुका सगळ्या इथे येऊन साचतात. आज तुम्ही २,८५० लिहिलेत तर ३,२००मधून ते वजा होतील आणि पुन्हा ताटात न वाढलेलं काढल्यासारखं होईल. सुधारित रिटर्न भरल्यावर त्याची प्रत कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला द्या. एजीआय आणि हा रकाना, दोन्ही एकदम बदलायला हवेत, आणि ते काम त्या ऑफिसकडूनच नीट होतं. त्या वेळी मंडळाच्या हजाराचंही सांगून टाका. बाहेरून मिळालेली स्कॉलरशिप कॉलेजला कळवायचीच असते.

उन्हाळ्यातल्या कामाचे पैसे या रकान्यात येत नाहीत. उद्या तिला प्राध्यापकांकडे रिसर्चचं काम मिळालं आणि त्याचा डब्ल्यू-२ आला, तर तो पगार. स्कॉलरशिप नव्हे.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी तुमचं पत्र बाजूला काढलं. तुमच्या ह्यांनी शिक्षणाचं क्रेडिट सोडून दिलंय. इथे मला राहवत नाही, कारण तुमच्यासारखी किती घरं दर वर्षी हे पैसे टेबलावर ठेवून उठतात.

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट म्हणतात त्याला. मुलाच्या फीवर तुम्ही भरलेल्या पहिल्या २,०००चे पूर्ण आणि पुढच्या २,०००चे २५ टक्के, असे ४,००० खर्चावर २,५०० डॉलर कर कमी होतो. नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १,६०,०००च्या आत असेल तर पूर्ण मिळतं, १,८०,०००पर्यंत कमी कमी होत जातं. तुम्ही आरामात बसता. यजमान म्हणतात, फी स्कॉलरशिपमधून सुटली, मग क्रेडिट कशावर? रास्त शंका. पण फी स्कॉलरशिपमधूनच सुटली असं कोणी ठरवलं?

तुमच्याकडे दोन प्रकारचे पैसे होते. स्कॉलरशिपचे १०,९०० आणि तुमच्या खिशातले. खर्च फी-पुस्तकांचा ८,०५० आणि खोली-जेवणाचा ६,९००, एकूण १४,९५०. म्हणजे तुमच्या खिशातून ४,०५० गेले. आत्ताचा हिशेब असं धरतो, की स्कॉलरशिपने आधी फी भरली आणि तुमचे पैसे डॉर्मला गेले. आयआरएसचा नियम सांगतो, की स्कॉलरशिप खोली-जेवणावर खर्च करायची मुभा तिच्या अटींत असेल, तर तुम्ही उलटंही धरू शकता. स्कॉलरशिपचे ६,८५० डॉर्मला आणि तुमच्या खिशातले ४,००० फीला. डॉर्मचा खर्च ६,९०० आहे, त्यात हे बसतं. ही पळवाट नाही. आयआरएसच्या स्वतःच्या शिक्षणविषयक माहितीपुस्तिकेत, पब्लिकेशन ९७०मध्ये, उदाहरणं देऊन हे समजावलंय.

मग काय होतं? तुम्हाला २,५०० डॉलरचं क्रेडिट. मुलीचं करपात्र उत्पन्न मात्र २,८५०वरून ६,८५० होतं. कमाई ३,२०० अधिक ६,८५०, म्हणजे १०,०५०. डिडक्शन १०,५००. कर तरीही शून्य.

इथे हुशार पालक हात आखडतात. म्हणतात, मुलीचा एजीआय तिप्पट झाला, फॅफ्सात मार बसेल. आणि इथेच तो रकाना कामाला येतो, ज्याने तुमची झोप उडवली. एजीआय १०,०५०, रकान्यात ६,८५०, उरलं ३,२००. फॅफ्साच्या लेखी तुमची मुलगी अजूनही तीच आइस्क्रीमच्या दुकानातली मुलगी. मुलांच्या उत्पन्नातले पहिले साधारण साडेअकरा हजार डॉलर तसेही सोडून देतात, त्यापुढच्याचे निम्मे धरतात. तिच्या बाबतीत धरायला काही राहतच नाही.

म्हणून म्हटलं, १०४०-एक्स लगेच भरू नका. आधी युनिव्हर्सिटीच्या ग्रँटच्या पत्रातल्या अटी वाचा. 'फक्त ट्यूशनसाठी' असं बंधन असलेली रक्कम डॉर्मकडे वळवता येत नाही. वळवता येण्यासारखे निदान ६,८५० निघाले, तर मुलीचं आणि तुमचं, दोन्ही रिटर्न एकाच वेळी सुधारा. तिच्यात ८-आरवर ६,८५०, तुमच्यात क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३ आणि ४,०००ची फी. दोन कागदांनी एकच गोष्ट सांगायला हवी. २०२४च्या रिटर्नसाठी एप्रिल २०२८च्या मध्यापर्यंत मुदत आहे, तेव्हा घाईघाईत नको, पण फार लांबवूही नका. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही बघून घ्या.

एक सूक्ष्म गोष्ट. हे क्रेडिट एका मुलासाठी चारच वर्षं मिळतं, आणि इथे वर्ष म्हणजे कॅलेंडरचं. ऑगस्ट २०२४ला आत गेलेली मुलगी मे २०२८ला बाहेर पडते, म्हणजे पाच कॅलेंडर वर्षं. त्यांतलं एक सोडावंच लागेल, २०२४ किंवा २०२८. पुढे नियम, उत्पन्न, मुलीचा बेत, काहीही बदलू शकतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागा. मी २०२४ घेईन.

२०२५चं रिटर्न भराल तेव्हा हाच हिशेब सुरुवातीलाच करा, तेच पुढे २०२७-२८च्या फॅफ्साला जाईल. त्यात दोन सेमिस्टर येतील, आकडे मोठे होतील. समजा मुलीची करपात्र स्कॉलरशिप ९,७०० झाली आणि पगार ४,०००. एजीआय १३,७००. रकाना रिकामा किंवा शून्य ठेवला तर सध्याच्या मर्यादेने एसएआय हजारेक डॉलरने वाढेल. ९,७०० लिहिले तर तिच्याकडून काहीच धरणार नाहीत. आणि पगार नि करपात्र स्कॉलरशिप मिळून १५,७५०च्या पुढे जाणार असेल तर मात्र थांबा, कारण मग कर लागतो, आणि त्या स्कॉलरशिपवरचा कर तुमच्या दराने लावणारा फॉर्म ८६१५ मधे येतो. तेवढ्या पुढे न जाता स्कॉलरशिपची वाटणी बेताने करायची.

माझ्या मुलाच्या वेळी आम्ही तुमच्या उलट चूक केली होती. रिटर्नमध्ये त्याची करपात्र स्कॉलरशिप चोख दाखवली. मी अकाउंटंटची मुलगी, तिथे चुकेन कशी! आणि फॅफ्सातला हा रकाना 'उत्पन्न तर एकदा सांगितलंय, पुन्हा कशाला' म्हणून शून्य टाकून पुढे गेले. त्या वर्षी त्याची ग्रँट बरीच उतरली. मी उन्हाळाभर कॉलेजला नावं ठेवली. पुढच्या वर्षी फॉर्म भरताना तोच प्रश्न सावकाश वाचला, तेव्हा कळलं की नावं कोणाला ठेवायला हवी होती. तोवर ते वर्ष सरलेलं होतं.

आता पुतण्या. तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणार असेल तर फॅफ्सा त्याच्यासाठी नाहीच. ती मदत सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गटांसाठी आहे. एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेल्या मुलांनाही मिळत नाही, आणि आपल्या ओळखीतल्या अनेक घरांना हा धक्का बारावीच्या वर्षात बसतो. पण स्कॉलरशिपवरचा कर त्यालाही आहे. त्याला फीपलीकडे राहण्याखाण्यासाठी काही मिळालं, तर युनिव्हर्सिटी त्यातून बहुधा १४ टक्के आधीच कापून घेईल आणि १०४२-एस नावाचा फॉर्म देईल. इथे भारतीय मुलांचं नशीब थोडं बरं आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१मुळे त्यांना १०४०-एनआरवर, म्हणजे परदेशी लोकांच्या रिटर्नवर, स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्यामुळे कापलेल्यातलं बरंचसं परत येतं. त्याने घरच्या मोबाइल सॉफ्टवेअरवर साधं १०४० भरू नये, एवढं मात्र बजावून ठेवा. युनिव्हर्सिटीचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस बहुधा योग्य सॉफ्टवेअर सुचवतं. आणि पहिल्या वर्षी एक डॉलर मिळाला नाही तरी फॉर्म ८८४३ (व्हिसावरचे इथले दिवस सांगणारा) त्याला भरावाच लागेल.